अधिक महिना कुणाचा

रात्रीच्या विजेच्या लाईनवर गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि लाईन काही येईना. सिद्धेश्वरच्या कालव्याजवळच्या त्या रानात चार-पाच पोरं शेकोटीभोवती बसली होती. सोनाजीबाबानं जाळात कापसाच्या पळाट्यांच्या मूठभर काटक्या टाकल्या, घोंगडी खांद्यावर ओढली आणि समोरच्या पोराकडं बघितलं.

"प्रज्ञेश, तो मोबाईल खिशात घाल आधी. त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतावानी दिसून राहिलंय. गोष्ट पाहिजे म्हणता ना? मंग गप ऐका. मधी खी-खी केली तर मी झोपतो, मोटर तुमची तुमी बघा."

पोरं सरकून जवळ आली. बाबानं घसा साफ केला आणि सुरुवात केली.

ज्याची गोष्ट सांगून राहिलो तो माणूस जित्ता हाय. विश्वंभर त्याचं नाव. औंढ्याला बियाण्याचं, औषधाचं दुकान हाय त्याचं. नागनाथाच्या देवळाकडं जाताना उजव्या हाताला बसलेला दिसतो. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, आन् सांगताना एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई. पिलेला नव्हता. सांगतो ते त्याच्या तोंडचं हाय.

मागं अधिक श्रावण आला होता, आठवतं का? त्याच्या आदल्या दिवसाची रात्र. आषाढाची अवस, आपण दिव्याची अवस म्हणतो ती. सोमवार होता. दुसऱ्या दिवसापासून धोंड्याचा महिना लागणार होता.

विश्वंभरला त्या दिवशी एकच काम होतं. मायला पुसेगावला थोरल्या भावाकडं नेऊन सोडायचं.

आता हे सोडायचं म्हणजे काय, ते ऐका. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. बाप गेल्यावर भावाभावांनी वाटण्या केल्या. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीचं पाणी वाटलं, आन् शेवटी राहिली माय. सत्यभामाबाई. तिला काय बांध घालता येतो? मंग गावातली चार शहाणी माणसं बसली, चहा पिली, आन् महिने वाटले. चैत्र थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा. ज्येष्ठ थोरल्याचा, आषाढ धाकट्याचा. अवस आली की म्हातारीनं आपलं लुगडं-चोळी पिशवीत कोंबायची आन् ह्या घरून त्या घरी. बस. सगळ्यांनी माना हलवल्या. आन् त्या चौघा शहाण्यांपैकी एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई, की तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा येतो. तो कुणाचा? कुणी बोललंच न्हाई.

निघताना विश्वंभरची बायको मोहिनी म्हणली, "अहो, राहू द्या की. कालपासून धाप लागून राहिलीय त्यांना. एवढा महिना काढू इथंच."

विश्वंभर म्हणला, "तुला काय कळतं? आज मी हो म्हणलो की दर बारीला माझ्याच गळ्यात. ठरलं म्हणजे ठरलं. श्रावण त्याचा हाय."

माणूस वाईट नव्हता हो. मायचं औषधपाणी करायचा, अंगावर कधी ओरडला न्हाई. पण भावानं आपल्याला येडं बनवलं, असं व्हायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात. ह्या एका गोष्टीपायी चांगली चांगली माणसं कुत्र्यावानी वागतात, मी बघितलंय.

तर गाडी काढली. चारचाकी होती त्याची, पांढरी, जुनीच घेतलेली पण ठणठणीत. माय मागच्या सीटवर बसली. आभाळ भरून आलं होतं.  हिंगोली मागं पडल्यावर माय हळूच म्हणली, "विशू, उद्यापासून धोंडा लागतो ना रे?"

"व्हय."

"मंग हा महिना कुणाचा?"

"दादाचा. अधिक श्रावण म्हणजेबी श्रावणच. तू काहून काळजी करतीस?"

 मायला थोरला पक्का ठाऊक होता. पोटचा होता तो.

पुसेगावला पोचले तवा उजेड होता थोडा. सोमेश्वरनं, म्हणजे थोरल्यानं, नवं घर बांधलंय. पुढं लोखंडी गेट, गेटापुढं गाडी चढायला सिमेंटचा उतार. वसरीत पाटावर दिवे मांडले होते, समया, निरांजनं, कणकेचे दिवे, सगळं घासूनपुसून. थोरली सून पूजा करून राहिली होती. सोमेश्वर गेटापाशी आला, पण कडी काही काढली न्हाई. सळयांमधूनच बोलला.

"अरे विशू, आज कशाला आणलंस तिला?"

"दादा, अवस हाय."

"अवस हाय, पण श्रावण कुठं लागतोय? धोंडा लागतो उद्या. माझा श्रावण महिनाभरानं."

"अधिक श्रावण म्हणतात त्याला. कॅलेंडर बघ."

"अधिक म्हणतात ना? अधिक माझ्या वाटणीत कुठं आलाय? दाखव."

"मंग माझ्या वाटणीत आलाय का?"

"ते मला काय माहीत? महिना सरला तवा ती तुझ्याकडं होती. नवा कुणाचा न्हाई, मंग हाय तिथं राहू दे." मंग आवाज खाली करून म्हणला, "समजून घे जरा. आमची निलम आन् जावई येऊन राहिलेत धोंड्याला. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा हाय त्यांचा. खोली रंगवून घेतली, गादी नवी आणली. तिथं म्हातारी खोकत पडली तर जावयाला बसवू कुठं?"

ऐकलं का पोरांनो? जावयाला देव मानायचं, त्याला अनारसे, त्याला चांदीचं ताट. आन् जिनं जन्म दिला ती अधिकातली. हे सगळं बोलणं चालू होतं तवा सत्यभामाबाई दहा पावलांवर गाडीत बसली होती. काच अर्धी खाली होती. बहिरी नव्हती ती.

मंग दोघांची तोंडं सुटली. बापाच्या दवाखान्याच्या खर्चापासून तर बहिणीच्या लग्नातल्या रुसव्यापर्यंत सगळं निघालं. शेजारच्या माळवदावर बाया येऊन उभ्या राहिल्या. विश्वंभरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गाडीत बसला, गाडी तशीच तिरपी उतारावर दामटली, पुढचं चाक गेटाच्या उंबऱ्याच्या दगडाला धाडकन टेकलं. गाडी बंद केली, चावी उपसून घेतली, स्टेरिंग रागारागात पिळलं.

"आता बघतो, दारात बसलेल्या मायला कसा आत घेत न्हाईस ते!"

पाऊस सुरू झाला होता म्हणून चावी काढायच्या आधी पुढच्या बटणानं मागची काच तेवढी वर केली होती. मागं न बघताच म्हणला, "माय, तू बस. तो घेतो तुला आत." मायनं उत्तर दिलं न्हाई. त्याला वाटलं, रुसली. दार आपटून तो चालू लागला.

थोरल्यानं काय केलं? त्यानं घराचं दार लावून घेतलं. त्याला वाटलं, गाडी इथं हाय म्हणजे हा येतोच झक मारत. धाकट्याला वाटलं, मी नसलो की ह्याला पाझर फुटंल. दोघंबी एकमेकांची वाट बघत राहिले आन् मधी माय.

विश्वंभर फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसला. चहा पिला, परत पिला. पाऊस जोरात आला, थांबला, परत आला. गल्ल्यावरचा माणूस खुर्च्या उलट्या टाकून राहिला तरी हा उठंना. शेवटी तो म्हणला, "भाऊ, शटर ओढायचंय." तवा हा निघाला. चालता चालता त्याला पटलं, की आतापर्यंत नेलं असंल दादानं तिला आत. वहिनीनं वाढलंबी असंल. त्याला बरं वाटलं. जिंकलो आपण, असंच वाटलं, हे त्यानं स्वतः सांगितलं मला.

गल्लीत आला तर लाईट गेलेली. अवसेचा अंधार. वसरीतले दिवे कवाच विझलेले. घर गपगार. आन् गाडी तिथंच, उतारावर, चाक दगडाला टेकलेलं.

त्यानं पुढचं दार उघडलं.

मागून आवाज आला. "आलास व्हय, लेकरा?"

तो म्हणला, "माय? तू इथंच? दादा आला न्हाई?"

"न्हाई."

"वहिनी?"

"न्हाई रे. कुणीच न्हाई."

त्यानं एक कचकचीत शिवी हासडली, मायसमोर. मंग गप गाडीत बसला. मनात म्हणला, आज औंढ्याला न्यावंच लागंल. उद्या चार माणसं जमा करून ह्या दादाची इज्जतच काढतो. चावी घातली. फिरवली.

चावी फिरंना.

परत काढली, पुसली, घातली. न्हाईच. पुढंबी न्हाई, मागंबी न्हाई. स्टेरिंगबी जागच्या जागी घट्ट. तुमच्यातल्या कुणाकुणाला माहीत असंल, चावी काढून स्टेरिंग पिळलं की ते आतून लॉक होतं. आन् चाक कशाला टेकून जोर आलेला असला, तर त्या लॉकवर सगळा भार येतो. मंग चावी दगड होऊन बसती.

त्यानं औंढ्याला भिवाजी मिस्तरीला फोन लावला. भिवाजी झोपेतनं उठला पण चांगला माणूस, शिव्या न देता सांगितलं. "चाक कुठं टेकलंय का? मंग चावीवर जोर करू नका, मोडंल. स्टेरिंग दोन्ही अंगाला हलवून बघा. ज्या अंगाला जरासं सैल लागंल, तिकडं ओढून धरा आन् तवाच चावी अलगद फिरवा. निघती."

विश्वंभरनं केलं तसं. डावीकडं घट्ट. उजवीकडं जरा सैल. उजवीकडं ओढून धरलं, चावीवर दोन बोटं ठेवली...

आन् स्टेरिंग डावीकडं ओढलं गेलं.

झटक्यानं न्हाई. हळू. कुणी म्हाताऱ्या हातानं धरून ओढावं तसं. डावीकडं, म्हणजे गेटाकडं. थोरल्याच्या घराकडं. ह्यानं परत उजवीकडं ओढलं. परत तेच. त्याला वाटलं चाकाचा जोर असंल. गाडी उतारावर होती ना. असंलबी. मी कुठं न्हाई म्हणतो.

घाम फुटला होता त्याला. काचा बंद, पुढची काच त्याच्या श्वासानं पांढरी झाली. त्यानं मुठीनं चावी धरली आन् ताकद लावली.

"विशू."

"काय माय?"

"नको जोर लावू. मोडंल."

त्यानं हात काढला. बसून राहिला. बाहेर पागोळ्या गळून राहिल्या होत्या. त्याच्या ध्यानात आलं, की मायला धाप लागलेली न्हाई. दुपारी एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होती. आता आवाज असा... साफ. त्याला बरंच वाटलं. विसावा मिळाला तिला, म्हणला.

"भूक लागली का माय?"

"न्हाई."

"गार वाजतंय का? माझा रुमाल घे."

"न्हाई रे. आता काहीच न्हाई."

त्यानं रुमाल परत खिशात घातला.

लई वर्षांनी दोघं असे एका जागी बसले होते. घरी असली की ती तिच्या खोलीत आन् हा दुकानात. बोलायचं काय हेच सुचंना त्याला. आन् मागं वळून बघायचाबी धीर होईना. का, ते त्यालाबी सांगता येत न्हाई. मान वळंना म्हणला.

"विशू..."

"हं."

"मंग ठरलं का काही? हा महिना कुणाचा?"

त्यानं बाहीनं पुढची काच पुसली. 

"कुणाचाच नसंल तर असू दे. मी इथंच बसते."

"इथं कुठं, माय?"

"इथं. गाडीत." जरा थांबली. "गाडी कुणाच्या वाटणीत गेली न्हाई ना?"

...

आता तुमीच सांगा, काय व्हावं माणसाचं? विश्वंभरनं कपाळ स्टेरिंगवर टेकलं आन् ढसाढसा रडला. लहान पोरगं रडतं तसा, शेंबूड गळेपर्यंत. त्याला आठवलं, की मोहिनी राहू द्या म्हणत होती आन् आपण कॅलेंडर बघत होतो. त्याला लाज वाटली. दादाची न्हाई, स्वतःची लाज वाटली. रडत रडतच म्हणला, "चल माय. माझ्याकडं चल. कायमची. चैत्र न्हाई, वैशाख न्हाई, अधिक न्हाई. पाळी संपली. आता तुला कुठं हलवणार न्हाई. नागनाथाची शप्पथ घेतो. माझ्या लेकराची शप्पथ."

मागून आवाज न्हाई.

"माय, ऐकलंस का?"

न्हाई.

"माय..."

लई वेळानं. लई हळू.

"...बरं."

त्यानं डोळे पुसले. चावीला हात लावला. जोर न्हाई लावला, नुसता हात लावला. चावी फिरली. गाडी सुरू झाली. स्टेरिंग हातात फुलावानी हलकं. गाडी मागं घेतली, गल्लीतून बाहेर काढली.

रस्त्यानं तो एकटाच बोलत आला. तुझी खाट पुढच्या खोलीत टाकू, तिथं वारा लागतो. मोहिनीला सांगतो, सकाळी भाकर कुस्करून दूध घालत जा. दुकानात बसायला येत जा संध्याकाळी, माणसं दिसतील. माय काही बोलली न्हाई. त्याला वाटलं, डोळा लागला. लागू दे. आनंदात होता गडी. पुढची काच घडीघडीला धुक्यानं भरायची आन् तो फडक्यानं पुसायचा. फक्त एक... मागची काच न्हाई भरली. मागं एवढं माणूस बसलेलं, आन् त्या बाजूच्या काचा कोरड्या. स्वच्छ. तवा त्याच्या ध्यानात आलं न्हाई. नंतर आलं.

औंढ्याला दारात गाडी उभी केली. मोहिनी जागीच होती, बॅटरी घेऊन बाहेर आली. हा उतरताच म्हणला, "आणलं मायला. आता पाळी-बिळी बंद. हळू उठव, झोपलीय ती."

मोहिनीनं मागचं दार उघडलं. आत वाकली. खांद्याला हात लावला.

मंग तशीच मागं सरकली.

"अहो..."

"काय झालं?"

"अहो, ह्यांचं अंग..."

"झोपलीय, म्हणलं ना."

"अंग लाकूड झालंय हो!"

गल्लीतल्या डॉक्टरला उठवून आणलं. त्यानं बॅटरी मारली, हनुवटी हलवून बघितली, हात वाकवून बघितला. वाकला न्हाई. त्यानं विचारलं, "कवापासून अशा आहेत?"

विश्वंभर म्हणला, "कवापासून काय? आत्ता बोलून राहिली होती माझ्याशी. पुसेगावला. बरं म्हणली मला."

डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं. मोहिनीकडं बघितलं. हळूच म्हणला, "भाऊ, ह्या दिवेलागणीलाच गेल्यात."

दिवेलागणीला. कळलं का? गेटाच्या सळयांना धरून दोघं भाऊ, तुझा महिना, माझा महिना, करून राहिले होते तवा. अर्धी काच खाली होती तवा. ह्यानं काच वर केली तवा ती गेलेलीच होती...

"मंग बाबा," प्रज्ञेशचा आवाज बारीक झाला होता, "गाडीत बोललं कोण?"

सोनाजीबाबानं जाळाकडं बघितलं.  एक पळाटी मोडली, टाकली.

दुसऱ्या दिवशी सगळं झालं. थोरला आला, गल्लीभर ऐकू जाईल असा रडला. अग्नी कुणी द्यायचा, असं विचारलं तर डोळे पुसत म्हणला, "मायचं धाकट्याकडं असतं." तिथंबी वाटणीच. विश्वंभरनं अग्नी दिला.  मायची लुगडी, पिशवी, चपला, जे अंगावरचं वापरातलं होतं ते सगळं त्यानं आपल्या हातानं चितेवर ठेवलं, आन् सगळं जळेपर्यंत हलला न्हाई. पुसेगावचा धोंडा सुतकात गेला. त्या रंगवलेल्या खोलीत भेटायला आलेले पाव्हणे झोपले.

विश्वंभरनं गाडी भिवाजीकडं नेली. भिवाजीनं खालचं झाकण खोललं, लॉक काढलं, उजेडात धरलं, परत बसवलं. म्हणला, "काही न्हाई ह्याच्यात. चाकाचा जोर आला होता, दुसरं काय?" मलाबी तेच वाटतं. वाटावं, असं वाटतं. महिनाभर गाडी नीट चालली. चावी एकदाबी अडली न्हाई.

विश्वंभरनं मायची खाट खरंच पुढच्या खोलीत टाकली होती. रोज तिथं तांब्या भरून ठेवायचा. मोहिनी म्हणायची, अहो आता कशाला? तो म्हणायचा, मी शब्द दिलाय. त्याला तेवढाच आधार होता बघा. एवढं सगळं हातून झालं, पण शेवटी आपण तिला राहा म्हणलो आन् ती बरं म्हणली. मेल्यावर का होईना. म्हणजे तिनं मानलं. ह्या एका शब्दावर तो जेवत होता, झोपत होता.

मंग अधिकाची अवस आली. बुधवार होता. दुसऱ्या दिवसापासून खरा श्रावण लागणार होता. थोरल्याचा.

सांज झाली तवा तो दुकान बंद करून घरी आला. फाटकातून आत शिरला. गाडी अंगणात, सकाळी लावली तशी. दारं बंद, चावी ह्याच्या खिशात. तो बाजूनं जाऊन राहिला होता.

थांबला.

मागच्या दाराखाली काहीतरी होतं.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असंल तर तुमी बघितलं असंल. जुनी बाई गाडीत बसायची म्हणजे देवळात शिरल्यावानी. चपला खाली काढती, जोडीनं ठेवती, आन् अनवाणी आत चढती. सत्यभामाबाईची तीच खोड होती. निघताना दर बारीला कुणीतरी ओरडायचं, माय चपला, आन् खिडकीतून आत द्यायचं.

त्या चपला होत्या.

तिच्याच. टाच झिजलेली, अंगठा सुतळीनं शिवलेला. त्यानं स्वतः चितेवर ठेवलेल्या. जोडीनं ठेवलेल्या होत्या, तोंड गाडीकडं करून.

काचेतून आत बघितलं. सीट रिकामी.

"माय," तो म्हणला. "मी शप्पथ घेतली होती ना गं."

 गल्लीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

तिला खरं वाटलंच नव्हतं, पोरांनो. पोरगं रडून राहिलं म्हणून बरं म्हणली होती ती. अवस आली, आन् निघायला तयार होऊन बसली.

तो खाली बसला. एक चप्पल हातात घेतली. बोटं आत घातली...

आतून कोमट होती.